बागेतल्या जनावराविषयी

१ मार्च

मायना नको असं तू लिहिलंस, म्हणून घातलेला नाही. खाली सहीसुद्धा करणार नाही. अक्षर ओळखशीलच.

तुझ्या अटी मी माझ्या शब्दांत पुन्हा लिहितो, म्हणजे मागाहून वाद नको. मी वर्षभर एकाच जागी काम करायचं आणि त्या वर्षात कुणाच्या अंगावर धावून जायचं नाही, आवाजसुद्धा चढवायचा नाही. पत्र लिहिलं तर तू वाचशील, पण पत्रात तू नकोस, मी नको, आणि 'आपण' तर नकोच नको. हे जमलं तर पुढच्या मार्चात घरून कॉलेजला परत जाताना तू इथे गाडीतून उतरशील आणि भेटशील. नाही जमलं तर गाडी थांबेल, पण तू उतरणार नाहीस.

मान्य. वर्ष आजपासून धरतो.

प्रयोगशाळेत जे झालं त्याबद्दल काही लिहीत नाही. लिहायला गेलं की पहिल्याच ओळीत मी येतो आणि दुसऱ्या ओळीत सरांची कॉलर. कॉलेजने मला काढलेलं नाही, मी सोडलं. हे फक्त नोंदीसाठी. तुझ्यावरून झालेल्या त्या प्रकारानंतर तुझं नाव कॉलेजभर झालं आणि तू दुसऱ्या शहरात गेलीस, हेही नोंदीसाठी. बाकी तुला माहीत आहे.

नोकरी मिळाली. दाजींनी लावली. नगरपालिकेच्या उद्यान खात्यात ते कारकून आहेत. ताई त्यांना म्हणाली, "लावताय खरं, पण याच्या नाकावरचा राग आधी कुठेतरी जमा करून घ्या."

दाजी म्हणाले, "झाडांशी कोण भांडतं?"

"हा भांडेल."

काम मोठ्या बागेत आहे. हो, त्याच. दुसरीकडे जागा असती तरी मी हीच मागितली असती, पण दाजींच्या हातात हीच होती, त्यामुळे मला काही मागावं लागलं नाही.

१८ एप्रिल

बागेबद्दल लिहितो. बाकी सगळ्याला बंदी आहे, बागेला नाही.

ही बाग मुळात बाग नव्हती. शहरात घोड्यांच्या ट्राम धावायच्या तेव्हा इथे त्या घोड्यांचं कुरण होतं. दमलेले घोडे आणून सोडायचे, ताजे जोडून न्यायचे. पुढे ट्राम विजेवर गेल्या, घोडे विकून टाकले आणि मोकळी जागा नगरपालिकेच्या गळ्यात पडली. काय करावं कळेना, म्हणून झाडं लावली. हे दाजींनी सांगितलं. फाटकावरच्या संगमरवरी पाटीवर मात्र 'नागरिकांच्या आरोग्यासाठी' असं कोरलेलं आहे. घोड्यांचं नाव नाही.

फाटकं दोन आहेत, एक बाजाराकडे, एक वसतिगृहाकडे. बरोबर मध्ये ते जनावर. कुंपणाला लावतात तसलीच मेंदी कापून केलेलं, पण एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला तर होईल एवढं उंच. खाली पाटी आहे, तिच्यावर 'हत्ती' असं लिहिलंय. पाटी बाजाराच्या बाजूला आहे, हे लक्षात ठेव.

या एका जनावराला दोन माळी आहेत. बाजाराकडची बाजू एक कापतो, वसतिगृहाकडची दुसरा. सगळी बाग त्यांना डावेकाका आणि उजवेकाका म्हणते. दोघं सख्खे साडू. एकाच जिन्यावर समोरासमोर राहतात, बायका दिवसभर एकमेकींच्या स्वयंपाकघरात असतात, आणि हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. आमचे मुकादम नोकरीला लागले तेव्हाही बोलत नव्हते.

मी डावेकाकांना कारण विचारलं. ते म्हणाले, "मी आजारपणाच्या रजेवर होतो. परत आलो तर कान कापलेला."

"कोणी?"

"त्यालाच विचार."

मी त्यालाच विचारलं. उजवेकाका म्हणाले, "लोंबत होता. हत्तीचा कान होता का गोणपाट होतं?"

भांडण एवढंच. पण त्या दिवसापासून दोघांनी आपापली बाजू वाटून घेतली. डावेकाकांनी हत्ती चालू ठेवला. उजवेकाकांनी आपल्या बाजूचा कान पुरता काढून टाकला, वर शिंग आणलं, मागे वशिंड उठवलं, आणि सोंडेची आपल्याकडची बाजू आत घेत घेत तिचं थोबाड करून टाकलं. बाजारातून येणाऱ्याला हत्ती दिसतो. वसतिगृहाकडून येणाऱ्याला बैल. समोरून बघण्याच्या फंदात सहसा कुणी पडत नाही.

राहता राहिली पाठ. पाठ दोघांची, म्हणून कुणाचीच नाही. तिथली मेंदी वर्षानुवर्षं सरळ वर वाढत गेली. ती कापायला मला घेतलंय. मुकादमांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "तू मधला. डाव्याला वाटता कामा नये की तू उजव्याचा आहेस, उजव्याला वाटता कामा नये की तू डाव्याचा आहेस. आणि दोघांनाही वाटता कामा नये की तू आहेस."

आता बागेत येणाऱ्या लोकांविषयी थोडं. पूर्वी एक मुलगी वसतिगृहाच्या फाटकाने यायची आणि एक मुलगा बाजाराच्या फाटकाने. दोघं जनावराच्या मागच्या बाकावर बसायची. एकदा मुलगी म्हणाली, "बैलापाशी भेटू." मुलगा म्हणाला, "कुठला बैल? तो हत्ती आहे." ती म्हणाली, "डोळे तपासून घे." त्यावरून दोघं एवढी भांडली की मुलगी रडत वसतिगृहात गेली, आणि मुलाने बाकाला लाथ मारून अंगठा सुजवून घेतला. दोघांपैकी एकानेही उठून चार पावलं पलीकडे जाऊन पाहिलं नाही.

ही मुलगी कोण आणि मुलगा कोण हे मी लिहिलेलं नाही, त्यामुळे अट मोडलेली नाही.

५ जुलै

तुझं कार्ड मिळालं. 'तो बैलच होता.' एवढंच. पत्ता त्याच्यापेक्षा लांब आहे. पोस्टमन ताईच्या हातात देऊन गेला. ताईने वाचलं आणि म्हणाली, "चांगलं आहे हो. मुलगी बोलायला लागली." दाजींनी उलटसुलट करून पाहिलं आणि हा कसला बैल म्हणून विचारलं. तो खात्याचाच आहे असं मी सांगितलं.

काम चालू आहे. पाठ कापतो, आणि त्याशिवाय निरोप नेतो. दोघं हाताच्या अंतरावर उभे असतात, मध्ये फक्त मेंदी, आणि मी वर शिडीवर.

"त्याला सांग, शिडी इकडे पाहिजे."

"त्याला सांग, ऐकू आलं मला."

"मग दे म्हणावं."

"देतो म्हणावं, जरा दम धर."

हे सगळं माझ्याकडे बघून. मला काही सांगावंच लागत नाही. तरी मी नसलो तर त्या दिवशी बोलणंच होत नाही आणि शिडी जिथल्या तिथे राहते.

सर रोज सकाळी बागेत फिरायला येतात. तेच सर. परवा शिडीखाली थांबले, वर पाहिलं, म्हणाले, "अरे, तू इथे? छान झालं. झाडं उलट उत्तर देत नाहीत." बरोबरचे दोघं हसले. माझ्या हातात मोठी कात्री होती. मी "हो सर" म्हणालो आणि समोर आलेली फांदी कापली. ती कापायची नव्हती. पाठीवर तिथे आता खळगा पडलाय. डावेकाका म्हणतात हत्तीला तिथे खळगा असतोच, उजवेकाका म्हणतात बैलाला असतो. मला मुकादमांनी काही विचारलं नाही.

सांगायचं एवढंच की 'हो सर' म्हणालो.

२२ सप्टेंबर

आज एक गोष्ट कळली ती लिहून ठेवतो. पाठीची मेंदी फार दाट झाली होती म्हणून मधून विरळ करायला सांगितलं. मी खांद्यापर्यंत आत घुसलो. मला वाटलं होतं आत तारेचा सांगाडा असेल, हत्तीचा किंवा बैलाचा, म्हणजे भांडणाचा निकाल तरी लागेल. आत एक चौकोनी लोखंडी पिंजरा आहे आणि पिंजऱ्यात गंजलेला पाण्याचा पंप. घोड्यांच्या हौदाला पाणी ओढायचा असणार. पंप दिसायला वाईट, म्हणून कुणीतरी त्याच्याभोवती मेंदी लावली. मेंदी वाढली, आणि बघणाऱ्याला त्यात जनावर दिसलं.

मी खाली उतरून दोघांना सांगितलं.

डावेकाका म्हणाले, "म्हणजे शेपटीकडचं जाड लोखंड तेच होय. मी उगाच तिथे कात्री बोथट करत होतो."

उजवेकाका म्हणाले, "मला माहीत होतं."

त्यांना माहीत नव्हतं. मी परत शिडी चढलो.

१२ डिसेंबर

दुसरं कार्ड मिळालं. दोन मार्च, दुपारची गाडी. तारीख आणि वेळ सोडून काही लिहिलेलं नाहीस. तरी लिहिलंस.

इकडे नवीन अधीक्षक आले आहेत. वयाने लहान आहेत, टापटिपीचे आहेत, बागेत फिरताना बूट भिजणार नाहीत असे चालतात. फेब्रुवारीत बागेला शंभर वर्षं पूर्ण होतात. त्या समारंभाच्या पत्रिकेवर जनावराचा फोटो घालायचा असं ठरलं. फोटोवाला आला, चहूबाजूंनी फिरला, शेवटी समोर उभा राहिला आणि कॅमेरा खाली घेऊन म्हणाला, "साहेब, हे काय आहे?"

साहेबांनी त्या दिवशी ते पहिल्यांदा समोरून पाहिलं. एका बाजूला कान, एका बाजूला शिंग, मध्ये अर्धी सोंड आणि अर्धं थोबाड, आणि वर माझा खळगा.

साहेब दोघांना म्हणाले, "महिन्याभरात मला एक जनावर पाहिजे. कुठलंही चालेल. पण एक."

दोघंही "हो साहेब" म्हणाले. साहेब गेल्यावर डावेकाका मला म्हणाले, "त्याला सांग, शिंग काढ." उजवेकाका मला म्हणाले, "त्याला सांग, शिंगाला हात लागला तर हात राहणार नाही." मी दोघांनाही काही सांगितलं नाही. उरलेले दिवस शांतपणे काढायचे आहेत. ताईने कॅलेंडर स्वयंपाकघरातून काढून माझ्या खोलीत लावलंय. दोन मार्चभोवती तिनेच गोल केलाय, मी नाही.

२० जानेवारी

आवाज चढवलेला नाही.

शिंग आहे. कानही आहे. साहेब रोज येतात. दाजी घरी आल्यावर माझ्या तोंडाकडे पाहतात आणि मग चपला काढतात.

आज जास्त लिहीत नाही. लिहायला बसलो की जे लिहायला नको तेच येतं.

१६ फेब्रुवारी

हे पत्र सरळ लिहितो.

काल सकाळी साहेब आले. बरोबर मुकादम, फायली घेऊन दाजी, आणि यांत्रिक करवत घेतलेला एक माणूस. बागेत फिरायला आलेले लोक थांबून बघायला लागले. मी शिडीवर पाठ कापत होतो. साहेबांच्या हातात एक रंगीत चोपडं होतं. त्यातलं चित्र त्यांनी मुकादमांना दाखवलं. "फायबरचा हत्ती मागवलाय. चारही बाजूंनी हत्ती. हे काढून टाकायचं."

डावेकाका हात जोडून पुढे झाले. "साहेब, सगळं नका काढू. फक्त त्याची बाजू काढा. सहा महिन्यांत मी हत्ती भरून देतो."

उजवेकाका म्हणाले, "याची काढा साहेब. सोंड आतून वाळलीय याची. बैल ठेवा, बैल जिवंत आहे."

एकमेकांकडे न बघता, दोघंही साहेबांकडे बघून. साहेब हसले. "म्हणजे अर्धं काढायला दोघांचीही हरकत नाही. मग सगळंच काढू." करवतवाल्याने दोरी ओढली. यंत्र लगेच चालू झालं नाही.

मी म्हणालो, "साहेब, थांबा." हे मी हळू म्हणालो होतो. खरंच हळू.

"तू कोण?"

"मधला."

लोक हसले. दाजींनी फायलीआडून माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मला ती दिसली. दिसली नाही असं मी म्हणणार नाही.

डावेकाका मला म्हणाले, "त्याला सांग, या शिंगापायी सगळं गेलं." उजवेकाका म्हणाले, "त्याला सांग, कानापायी." करवत परत घुरघुरली.

मग मी ओरडलो. "मी कुणालाही काही सांगणार नाही! तुम्ही दोघं जन्मभर हे कापताय, एकदा तरी पलीकडे जाऊन बघितलंत का? एकदा तरी? चार पावलं आहेत! आणि साहेब, तुम्ही! तुम्हाला याच्यात काय दिसतं ते तुम्ही सांगितलंच नाही, फोटोत काय दिसत नाही तेवढंच सांगितलंत!" आणखीही बरंच बोललो. त्यातलं काही इथे लिहिण्यासारखं नाही. कात्री हिरवळीत फेकली. कुणाच्या दिशेने नाही, पण फेकली.

यावर दोघं साडू एकदम, एका आवाजात माझ्यावर ओरडले, "ए, तोंड सांभाळ! साहेबांशी बोलतोयस!"

आणि दचकून एकमेकांकडे बघायला लागले.

साहेब दाजींना म्हणाले, "हा तुमचा ना? उद्यापासून दिसता कामा नये." करवतवाल्याने विचारलं, "साहेब, मग डावी आधी घेऊ का उजवी?" एवढे लोक जमलेले बघून साहेब म्हणाले, "समारंभ होऊन जाऊ दे, नंतर बघू," आणि गाडीकडे गेले. त्यामुळे जनावर अजून आहे. नंतर राहील की नाही मला माहीत नाही. पत्रिकेवर कारंज्याचा फोटो घातलाय.

मी माझी पिशवी घेत होतो तेव्हा डावेकाका वसतिगृहाच्या बाजूला गेले. बराच वेळ वर बघत उभे राहिले. मग म्हणाले, "वशिंड बरं जमलंय."

उजवेकाका म्हणाले, "शिंगाबद्दल बोल."

"शिंग वाकडं आहे."

"वाकडंच असतं ते!"

"एवढं नसतं."

"तू कधी बैल बघितलायस का जवळून?"

"तू हत्ती बघितला होतास का, कान कापायच्या आधी?"

मी फाटकाबाहेर पडलो तरी दोघांचे आवाज येत होते. आज मुकादम घरी येऊन माझ्या पिशवीत राहिलेली बागेची किल्ली घेऊन गेले. म्हणाले, अजून चालू आहे, सकाळपासून एकाने कात्री हातात घेतलेली नाही, आणि आता यांना गप्प कसं करायचं तेवढं सांग.

घरी: दाजींना लेखी खुलासा मागितलाय. रात्री जेवताना त्यांनी मला मात्र आधी वाढलं. ताई मागाहून खोलीत आली आणि म्हणाली, "तिला कशाला कळवायचं? आता राहिलेत किती दिवस! रोपवाटिकेत बदली झाली म्हणून लिही. ती काय चौकशी करायला येणार आहे?"

मी म्हणालो, "तीच तर यायची आहे."

"म्हणूनच सांगतेय ना, शहाण्या."

ताईचं म्हणणं मी रात्रभर तपासून पाहिलं. त्यात चूक काही सापडली नाही. तरी हे पत्र लिहितोय.

अट मोडली. नोकरी गेली आणि आवाज चढवला, तोही शिडीवरून, म्हणजे दोन्ही फाटकांपर्यंत पोचला असणार. या वेळी कुणाची कॉलर धरली नाही, पण अटीत तशी सूट ठेवलेली नव्हती, आणि मीही मागत नाही. वाईट वाटतंय ते दाजींच्या खुलाशाचं. ओरडल्याचं वाटत नाही. हे तुला आवडणार नाही, पण वर्षभर जो 'हो सर' म्हणत होता तो मला फारसा आवडला नव्हता, आणि तो तुला आवडला असता तर पुढे माझी पंचाईत झाली असती.

बघ, पत्रात मी आलो आणि तूही आलीस. तीही अट गेली.

तेव्हा दोन तारखेला उतरायला तू बांधील नाहीस. मी स्टेशनवर येणार आहे, कारण स्टेशनवर यायला मनाई केलेली नाहीस. गाडी थांबते तेवढा वेळ फलाटाच्या मधोमध उभा राहीन, डब्यांतून डोकावत फिरणार नाही. उतरलीस तर अटीपायी उतरलेली नसशील, एवढं मला कळेल. नाही उतरलीस तर कृपा करून खिडकीतून हात करू नकोस. सुटत्या गाडीतून कुणी हात केला की माणूस फलाटावर पळायला लागतो, आणि मी तर पळेनच.